आतून लागणारी कडी

आमदारांच्या जिवाला धोका असतो, हे मला आमदारांच्या कचेरीत नोकरीला लागल्यावर कळलं. त्याआधी माझी समजूत उलटी होती. आमच्या साहेबांच्या जिवाला मला दिसणारा धोका एकच, तो म्हणजे सकाळी साडेआठला बशीतून येणारी मिरचीभजी. डॉक्टरांनी ती बंद करायला सांगितली होती आणि साहेबांनी डॉक्टर बदलला होता.

साहेब कोण, पक्ष कुठला, मतदारसंघ कुठला, हे मी सांगणार नाही. सांगून उपयोगही नाही, कारण आमच्या भागातल्या वाचकांना लगेच तीन-चार जण आठवतील आणि चौघेही म्हणतील, मी नव्हे. धारवाडात सप्तापूरला एका भाड्याच्या घरात त्यांचं संपर्क कार्यालय होतं. आतली खोली साहेबांची. बाहेरच्या खोलीत मी आणि माझं टाइपरायटरचं टेबल, आणि कोपऱ्यात पीए. हे पीए म्हणजे साहेबांचे लांबचे मेहुणे. गेली कित्येक वर्षं ते येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवत आले होते, "पुरावा आणा." विहीर कोरडी पडली, पुरावा आणा. बदली हवी, पुरावा आणा. या वाक्यानं निम्मी गर्दी कमी होते, असा त्यांचा अनुभव होता.

मी कन्नड आणि इंग्रजी, दोन्ही टाइपिंगच्या परीक्षा पास झालेली. घरात मराठी, बाहेर कन्नड, अशी आम्हा धारवाडकरांची नेहमीची वाटणी. नोकरी तात्पुरती होती, पण साहेबांनी शब्द दिला होता की एका सरकारी मंडळात कायम करून देतो. त्या शब्दावर मी चार वर्षं काढली. वय तिशीला टेकलं होतं, माझे वडील, अप्पा, मास्तरकीतून निवृत्त झालेले, आणि घरी मी सोडून कमावणारं कोणी नव्हतं.

सकाळी आठपासून माणसं यायची. बहुतेकांचा अर्ज हातात नसे, डोक्यात असे. मी मशीनमध्ये कागद घालायची, त्याखाली कार्बन, त्याखाली दुसरा कागद, आणि म्हणायची, "हं, सांगा." माणूस तावातावानं सांगत सुटायचा. त्यातलं अर्जात बसेल तेवढं मी घ्यायची आणि शेवटी सगळा अर्ज त्याला मोठ्यानं वाचून दाखवायची. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं, माझी आपली खोड होती. स्वतःचं म्हणणं नीट, एका दमात, शिव्या वगळून कुणीतरी वाचतंय हे ऐकताना माणूस हळूहळू खुर्चीत मागे टेकायचा. काही जण परत एकदा वाचायला लावायचे. साहेबांना न भेटताच समाधानानं घरी गेलेली माणसंही मी पाहिली आहेत. काम कुणाचंच झालेलं नसायचं, ते वेगळं.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. टीव्हीवर रोज काही ना काही भयंकर दाखवत होते. कुठं गोळीबार, कुठं टपालातून विषारी पूड. बेंगळूरहून सगळ्या आमदारांना पत्रं आली की सुरक्षा वाढवा. साहेबांनी ते पत्र बाजूला ठेवलं होतं. पण शेजारच्या मतदारसंघातल्या आमदाराला दोन गनमॅन मिळाल्याचं कळलं आणि साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. आमच्याकडे एकच होता. लग्नाच्या मांडवात तो दुसरा आमदार दोन गनमॅन घेऊन शिरायचा आणि लोक वाट करून द्यायचे. साहेबांना एकाच्या आधारानं वाट काढावी लागायची. यापेक्षा मोठा धोका त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

आमचा गनमॅन गदगकडचा, अंगानं आडवा आणि स्वभावानं गरीब. साहेबांच्या नातवाचा डबा शाळेत पोचवणं, वहिनीसाहेबांबरोबर सुभाष रोडला जाऊन भाजीची पिशवी धरणं आणि उरलेल्या वेळात भजी खाणं, ही त्याची ड्युटी. जेवताना पिस्तूल टोचतं म्हणून तो ते फायलींच्या कपाटात ठेवायचा. एकदा मी फाइल काढायला गेले आणि हाताला पिस्तूल लागलं. मी ओरडले, तर तो म्हणाला, "अक्का, घाबरू नका, त्याला काही होत नाही." म्हणजे पिस्तुलाला.

मग हुबळीहून एक पोलीस अधिकारी पाहणीला आले. त्यांनी दारं मोजली, खिडक्या मोजल्या, आणि एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकृती काढली. मध्ये साहेब. त्यांच्याभोवती एक वर्तुळ, त्यात गनमॅन. त्याच्याबाहेर लोखंडी दार. दाराच्या बाहेर आणखी एक वर्तुळ, त्यात त्यांनी लिहिलं, स्टाफ. त्याच्या पलीकडे, जनता.

मी विचारलं, "सर, आमच्या सुरक्षेचं काय?"

ते माझ्याकडे कौतुकानं बघून म्हणाले, "मॅडम, तुम्हीच सुरक्षा."

पीए जोरात हसले. मीही हसले, नोकरी तात्पुरती होती.

पंधरा दिवसांत सगळं आलं. माझ्या आणि साहेबांच्या खोलीच्या मध्ये जाड लोखंडी पत्र्याचं दार बसलं. त्याला आतून भली मोठी कडी आणि डोळा लावून बाहेर बघायला एक भिंग. बाहेरून त्याला साधी मूठसुद्धा नव्हती. नियम असा, की धोका दिसताच दार आतून बंद करायचं. बाहेरच्यांनी काय करायचं ते नियमात नव्हतं.

अंगावरून फिरवायचं एक यंत्रही आलं. धातू दिसला की ते वाजायचं. आमच्याकडे येणाऱ्यांच्या कनवटीला अडकित्ता, चुन्याची डबी आणि किल्ल्या. बायकांच्या बोटांत जोडवी. सगळेच वाजायचे. वाजल्यावर पुढं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून गनमॅननं रजिस्टरमध्ये एक रकाना आखला आणि प्रत्येक नावापुढं लिहायला लागला, 'वाजला', 'वाजली'. महिन्याभरात सेल संपले. नवे मागवले तर मंजुरीला वेळ लागेल असं उत्तर आलं. तेव्हापासून तो मुकं यंत्रच सगळ्यांच्या अंगावरून फिरवायचा आणि अंदाजानं लिहायचा.

या सगळ्यात माझा अर्ज वाचून दाखवण्याचा कार्यक्रम बंद पडला. माणसं फार वेळ आत रेंगाळतात, धोक्याचं आहे, असा शेरा त्या अधिकाऱ्यांनी मारला होता. त्याऐवजी दारात पत्र्याची पेटी लावली. लोकांनी अर्ज पाकिटात घालून त्यात टाकायचा. पण पाकिटात पूड असली तर? म्हणून पेटीतली पाकिटं एक दिवस वाळूत ठेवायची आणि मग उघडायची, असं ठरलं. पीएंनी परसात वाळूनं भरलेलं एक मोठं घमेलं आणून ठेवलं आणि रोजची पाकिटं नेमानं त्यात पुरायला सुरुवात केली.

आता वाळूनं भरलेलं घमेलं परसात उघडं ठेवलं तर काय होणार? शेजारच्या मांजरीनं दुसऱ्या दिवशी ते पाहिलं आणि तिसऱ्या दिवसापासून त्याचा रीतसर वापर सुरू केला. मग पाकिटं बाहेर काढायला कुणीच तयार होईना. पीए म्हणाले ते गनमॅनचं काम आहे. गनमॅन म्हणाला, साहेबांना सोडून परसात जायला मला परवानगी नाही. माझ्याकडे दोघांनी एकदम पाहिलं, तेव्हा मी टाइपरायटरवर कापड घातलं आणि जेवायला घरी निघून गेले. त्यामुळं जुन्या पाकिटांवर रोज नवी पाकिटं जात राहिली आणि त्यांवर मांजर.

अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. म्हणाले, "काय गं, लोकांनी मतं दिली ती पण अशीच पुरली काय की?"

तो माणूस आला तेव्हा पेटी लागून तीन-चार महिने झाले असतील. कलघटगीच्या बसनं यायचा, चाळिशीचा, काटक. आधी तीनदा येऊन गेला होता, म्हणून मला तोंडओळख होती. त्याच्या शेताच्या वाटेवर विजेची तार खाली लोंबत होती. घर आणि रस्ता यांच्यामध्ये तेवढी एकच वाट. गाडी, बैल, पोरं, सगळी त्या तारेखालून जायची. वीज ऑफिसमध्ये जाऊन दमला, तेव्हा आमच्याकडे आला. पहिल्या दोन खेपांना मी काहीतरी लिहून घेणार, तर पीएंनी पेटीकडे बोट दाखवलं. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, पेटीतल्या अर्जाचं काय झालं. पीए म्हणाले, "तार किती खाली आहे? पुरावा आणा."

चौथ्या खेपेला तो पुरावा घेऊन आला.

सकाळची वेळ. पीए बाहेर पान खायला गेलेले, गनमॅन आत साहेबांबरोबर भजी खात बसलेला. लोखंडी दार उघडं होतं. मी टाइप करत होते आणि दारातून एक बांबू आत आला. आधी बांबूचं टोक आलं, त्याला वर खाच केलेली. मग बांबू येतच राहिला. छत ठेंगणं, म्हणून त्यानं तो आडवा धरलेला. टोक सरळ साहेबांच्या खोलीकडे रोखलेलं, आणि माणूस अजून पायरीवरच.

आतून खुर्ची पडल्याचा आवाज झाला. मग कुणीतरी धावलं, आणि लोखंडी दार धाडकन बंद झालं. कडी लागल्याचा आवाज मी नीट ऐकला. ती कडी सरकायला जड होती, तिला दोनदा रेटावं लागायचं. त्या दिवशी एकाच झटक्यात सरकली.

मी खोलीत एकटी उरले. मी आणि बांबू.

खोटं कशाला सांगू, मी घाबरले. नियमाप्रमाणं मीच सुरक्षा होते, आणि ती सुरक्षा टेबलाची कड घट्ट धरून उभी होती. मग तो माणूस आत आला, घामाघूम झालेला, आणि माझ्याकडे बघून, अक्काला आदराचा र लावून म्हणाला, "अक्कार, पुरावा आणलाय. कुठं ठेवू?"

मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी सवयीनं जे करायचे तेच केलं. खाली बसले, मशीनमध्ये कागद घातला, खाली कार्बन, त्याखाली दुसरा कागद, आणि म्हटलं, "हं, सांगा."

त्यानं बांबू भिंतीच्या कडेला आडवा ठेवला, स्वतः खाली बसला आणि सांगायला लागला. गेलं वर्षभर तो या वाळक्या बांबूच्या खाचेत तार अडकवून वर उचलून धरत होता. एका हातानं तार उचलायची, दुसऱ्यानं बैल हाकायचे. सकाळी पोरं शाळेला निघाली की उचलायची, संध्याकाळी परत यायच्या वेळी उचलायची. तार एरवी कुठपर्यंत येते तिथं त्यानं बांबूवर गेरूची खूण केली होती. हाच पुरावा. तो बसच्या टपावर बांधून आणला होता आणि कंडक्टरशी त्यावरून भांडण झालं होतं. ते भांडणही अर्जात घाला म्हणाला. मी घातलं नाही.

टाइप करताना माझं लक्ष त्या दाराकडे जात होतं. भिंगात मधूनच काळं व्हायचं, मधूनच उजेड यायचा. आतून कुणीतरी पाहत होतं. एक माणूस जमिनीवर बसून बोलतोय आणि मी टाइप करतेय, हे पाहत होतं, आणि दार काही उघडत नव्हतं.

दार उघडलं ते आतून फोन करून बोलावलेली पोलिसांची जीप आल्यावर. मग सगळेच शूर झाले. गनमॅननं कपाटातलं पिस्तूल काढून कमरेला लावलं. पोलिसांनी त्या माणसाला दंडाला धरून उभं केलं, तेव्हा त्याला वाटलं साहेबांकडे नेतायत. तो माझ्याकडे बघून हसलासुद्धा. जीपमध्ये ढकलला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. बांबू जीपमध्ये मावेना, तो दोन शिपाई चालत घेऊन गेले.

साहेब इतके खूश मी कधीच पाहिले नव्हते. चेहरा घाबरलेला ठेवायचा प्रयत्न करत होते, पण जमत नव्हतं. ते म्हणाले, "आता बघू दुसरा गनमॅन कसा देत नाहीत!" मग त्यांनी मला तक्रार सांगितली, मी ती टाइप केली. एक इसम लांब बांबू घेऊन शिवीगाळ करत शिरला, महिला कर्मचाऱ्यावर बांबू उगारला, प्रसंगावधान राखून दार बंद केल्यानं अनर्थ टळला. माझ्यावर उगारला ते मीच टाइप केलं, एकही चूक न करता. पीएंनी मशीनजवळचा त्याचा अर्ज उचलला, फाडला आणि टोपलीत टाकला. कार्बनची प्रत कागदांखाली राहिली. ती मी माझ्या पिशवीत घातली. का घातली ते तेव्हा मला माहीत नव्हतं, आणि धैर्य म्हणून तर नव्हेच.

साहेब म्हणाले, "उद्या स्टेशनला जाऊन साक्ष दे. आणि तुझ्या मंडळाच्या ऑर्डरचं या आठवड्यात होतंय."

घरी अप्पांना सांगितलं. अप्पा जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवत आलेले. ते म्हणाले, "ऑर्डर हातात येऊ दे. मग काय बोलायचं ते बोल." मला त्यांचा राग आला नाही. मला ते हवंच होतं.

पहिल्या दिवशी मी ताप आल्याचं कळवलं. दुसऱ्या दिवशीही ताप होता. साक्ष द्यायची नाही आणि खरंही सांगायचं नाही, असा मधला मार्ग मी काढला होता, आणि मनातल्या मनात स्वतःला बरीच हुशार समजत होते. तिसऱ्या दिवशी कचेरीत गेले तर साहेबांनी नवं पत्र टाइप करायला दिलं. जादा गनमॅनची मागणी. त्यात एक वाक्य होतं, 'आमचे कर्मचारी अत्यंत भयभीत झाले आहेत.' मी विचारलं, "साहेब, मग कर्मचाऱ्यांसाठी काय मागायचं?"

साहेब म्हणाले, "मागायचं काही नाही. स्टाफचं नाव घातलं की लवकर मंजूर होतं." आणि पीएंकडे बघून हसले.

मला इतका संताप आला की कानशिलं तापली. तो माणूस कोठडीत बसलाय याचा मला दोन दिवस संताप आला नव्हता. माझं नाव फुकट वापरलं याचा आला. हे लिहायला लाज वाटते, पण झालं तसंच. मी पत्र अर्धं सोडलं, पिशवी उचलली आणि स्टेशनला चालत गेले.

इन्स्पेक्टरांनी कार्बनची प्रत शांतपणे वाचली. "हे कधी टाइप केलं?"

"दार बंद होतं तेव्हा."

ते हसले. म्हणाले, "मारायला येणारा माणूस बांबू बसच्या टपावर बांधून आणतो होय? आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण वरून फोन आला होता. तुमच्यासारखं कोणी काही लेखी तेव्हाच आणून दिलं असतं तर बरं झालं असतं." त्यांच्या रजिस्टरात तो माणूस एकच दिवस आत होता, प्रत्यक्षात तीन. त्यांनी तिथूनच वीज ऑफिसला फोन लावला. दोन मिनिटं बोलले. त्याच दुपारी लाइनमन जाईल असं ठरलं. जे काम घमेलंभर अर्जांनी झालं नव्हतं ते असं झालं.

माझी नोकरी दुसऱ्याच दिवशी गेली. कारण लेखी दिलं होतं, 'सुरक्षेच्या दृष्टीने'. साहेबांना दुसरा गनमॅनही मिळाला. या दोन्ही गोष्टी मी नंतर बऱ्याच बैठकांत हसवायला सांगितल्या आहेत, आणि लोक हसतातही. स्टेशनच्या पायरीवर जे झालं ते मात्र मी कुणाला सांगत नसे.

त्याला सोडलं, तो बाहेर आला. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. इन्स्पेक्टरांनी त्याला सांगितलं होतं की या बाईंच्या कागदामुळं सुटलास. तो हात जोडून माझ्यासमोर उभा राहिला. मग त्याच्या मनात काहीतरी आलं असावं, त्यानं हात खाली घेतले.

"अक्कार, तो कागद म्हणजे मी सांगितलेला तोच?"

"होय."

"म्हणजे तुमच्याकडं पहिल्या दिवसापासनं होता?"

मी होय म्हटलं.

तो म्हणाला, "पोरांना सांगून आलो होतो, मी परत येईपर्यंत तारेखाली पाऊल टाकायचं नाही. शाळा बुडली तर बुडू दे. माझी पोरं ऐकतात. तीन दिवस दारात बसून असतील वाट बघत."

त्यानं माझ्यावर ओरडावं असं मला फार वाटलं. कचेरीत तावातावानं येणाऱ्या माणसांना कसं गप्प करायचं हे मला येत होतं. तो ओरडला नाही. कलघटगीची बस कुठं थांबते एवढं त्यानं मला विचारलं, मी सांगितलं, आणि तो गेला.